टोयोटाने ‘सायन’ का गुंडाळला?

३ फेब्रुवारी २०१६ रोजी टोयोटाच्या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की सायन (मुंबईचं नव्हे, तर अमेरिकेतल्या तरुणांसाठी टोयोटाने काढलेला मोटारींचा वेगळा ब्रँड) आता बंद होणार. ऑगस्टपासून येणाऱ्या २०१७च्या मॉडेलांवर सायनऐवजी टोयोटाचं बोधचिन्ह लागेल. सर्व्हिसिंग टोयोटाच्या वर्कशॉपमध्येच होत राहील, तशी ती आधीही तिथेच होत होती. आणि फक्त सायनसाठी नेमलेल्या २२ जणांना टोयोटातच दुसरी कामं मिळतील. बावीस! दहा लाखांहून जास्त गाड्या विकलेल्या ब्रँडची स्वतःची माणसं एवढीच उरली होती. या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा मला हाच वाटतो.

घोषणेत अपयशाचा सूर कुठेच नव्हता. सायनच्या ७० टक्के गिऱ्हाइकांनी त्याआधी टोयोटा घेतलेली नव्हती, निम्मे जण पस्तिशीच्या आतले होते, आणि टीसी या मॉडेलच्या खरेदीदाराचं सरासरी वय २९ होतं, म्हणजे अख्ख्या उद्योगात सर्वात कमी. कंपनीचे तेव्हाचे उत्तर अमेरिकेतले प्रमुख जिम लेंट्झ हे सायनच्या उभारणीतले माणूस. त्यांनी सांगितलं की ही सायनची पीछेहाट नाही, टोयोटाची पुढची झेप आहे. सायनमध्ये जे शिकलो ते आता टोयोटात वापरू.

आकडे खोटे नाहीत. पण उद्देश सफल झाला म्हणून चालतं दुकान कुणी बंद करत नाही. ज्या ब्रँडने २००६ साली १,७३,०३४ गाड्या विकल्या, त्याने २०१५ साली विकल्या ५६,१६७. मधल्या नऊ वर्षांत काय झालं, ते पाहायला हवं.

म्हातारं होण्याची भीती

सायन निघाला तेव्हा टोयोटाचं अमेरिकेत उत्तम चाललं होतं. कॅमरी आणि कोरोला भरपूर खपत होत्या, पण त्या घेणारा माणूस पन्नाशीकडे झुकला होता. महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीने सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकी गाड्या सोडून टोयोटा धरली, आणि तिचं वय वाढत गेलं तसा ब्रँडही प्रौढ होत गेला. तिची मुलं आता लायसन्स काढायच्या वयात येत होती. आईबापांच्या ब्रँडची गाडी कॉलेजात मिरवावी असं कुठल्याच देशातल्या पोरांना वाटत नाही. समोर ओल्ड्समोबिलचं ताजं उदाहरण होतं: शंभरी गाठलेला ब्रँड, जुनं गिऱ्हाईक थकत गेलं, नवं फिरकलं नाही, आणि डिसेंबर २०००मध्ये जनरल मोटर्सने तो बंद करत असल्याचं सांगून टाकलं.

टोयोटाने आधी घरगुती उपाय करून पाहिला. १९९९ साली ‘प्रोजेक्ट जेनेसिस’ नावाचा गट नेमला आणि एको, सेलिका व एमआर२ स्पायडर या तीन गाड्या तरुणांपुढे वेगळ्या ढंगात मांडल्या. जमलं नाही. एको स्वस्त आणि टिकाऊ होती, त्यामुळे तिला पोरांऐवजी काटकसरी प्रौढ मंडळींनीच उचललं. दोनेक वर्षांत गट आटोपला. त्याच सुमारास जपानमध्ये कंपनी ‘विल’ या नावाखाली तरुणांसाठी गाड्या काढत होती. तोही खेळ २००४पर्यंतच चालला. अमेरिकेतल्या लोकांनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता: गाडी टोयोटाची असू दे, नाव टोयोटाचं नको.

मार्च २००२मध्ये न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये सायनची ओळख करून दिली गेली. जून २००३मध्ये कॅलिफोर्नियातल्या १०५ डीलरांकडे एक्सए आणि एक्सबी या दोन गाड्या आल्या. पुढच्या वर्षी विक्री देशभर पोचली आणि टीसी ही दोन दारांची कूपे जोडीला आली.

डबा आणि त्याचे गिऱ्हाईक

सायन म्हटलं की लोकांना आठवते ती एक्सबी. जपानमध्ये ती ‘बीबी’ नावाने २०००पासून विकली जात होती. शाळकरी पोराने पट्टी धरून काढावी तशी गाडी: उभी काच, सपाट छप्पर, चौकोनी मागची बाजू. स्पीडोमीटर चालकासमोर नव्हताच, तो डॅशबोर्डच्या मधोमध होता. त्यामुळे वेग शेजारी बसलेल्यालाही दिसायचा, आणि ज्याच्या शेजारी आई बसत असेल त्याची पंचाईत व्हायची. इंजिन दीड लिटरचं, १०८ अश्वशक्तीचं. वजन ११०० किलोच्या आसपास. लांबी ३,९४५ मिलिमीटर, म्हणजे लहान गाड्यांना कमी कर लावणाऱ्या आपल्याकडच्या चार मीटरच्या नियमात लांबीने बसली असती, इंजिनाने नसती बसली. किंमत साधारण १४ हजार डॉलर, आणि त्यात एसी, पॉवर विंडो, एबीएस, शिवाय गाडी घसरू न देणारी स्टॅबिलिटी कंट्रोलसुद्धा. त्या किमतीत हे शेवटचं त्या काळी सहसा मिळत नसे.

खरं नावीन्य विकण्याच्या पद्धतीत होतं. टोयोटाच्याच शोरूममध्ये एक कोपरा सायनचा. प्रत्येक गाडीचं एकच व्हेरिएंट. रंग निवडा, गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते सांगा, झालं. किंमत डीलरने लावलेली असायची आणि घासाघीस बंद. अमेरिकेत गाडी घेणं म्हणजे सेल्समनशी तीन-चार तास झुंज, आणि त्यात पहिल्यांदा गाडी घेणारा विशीतला पोरगा हमखास नागवला जातो. त्याला सायनच्या कोपऱ्यात दिसायची ती पाटीवरची किंमत आणि अॅक्सेसरीजची लांबलचक यादी. चाकं, सबवूफर, पायाशी निळे दिवे, स्पॉइलर, एक्झॉस्ट: जे हवं ते डीलर बसवून द्यायचा, आणि त्याचे पैसे गाडीच्या कर्जात घालता यायचे. डीलरची कमाई यातून व्हायची. कंपनीला जपानहून मोजकेच प्रकार आणावे लागायचे. कोणाचंच नुकसान नाही, अशी ही रचना होती. सायनमधली सगळ्यात चांगली कल्पना कोणती विचाराल तर मी हीच सांगेन, आणि ती तरुणांपुरती नव्हतीच.

जाहिरातीत टीव्हीचा वाटा कमी ठेवला होता. त्याऐवजी क्लबच्या बाहेर टेस्ट ड्राइव्ह, चित्रकारांची प्रदर्शनं, छोट्या बँडना रेकॉर्डिंगसाठी मदत, मेटल संगीताचे फुकट कार्यक्रम. कलाकारांना हे मनापासून आवडलं. गाड्या किती विकल्या गेल्या यामुळे, ते मोजणं अवघड.

पण एक्सबी घ्यायला पोरांबरोबर त्यांचे आईबापही आले, कधी आजोबाही. कारण साधं होतं. गाडीत शिरायला वाकावं लागत नव्हतं, सीट गुडघ्यांना बरोबर उंचीवर होती, मागे कुत्रा आणि किराणा दोन्ही मावत होतं, आणि आतून टोयोटा असल्याने गॅरेजचे खेटे नव्हते. होंडालाही हाच अनुभव आला: तरुणांसाठी म्हणून काढलेली एलिमेंट प्रौढांनीच उचलून धरली. उत्तम गाडी बनवल्याची याहून चांगली पावती कुठली? पण सायनच्या हिशेबात पन्नाशीचं गिऱ्हाईक म्हणजे ब्रँडला लागलेला डाग होता. गाडीऐवजी वय विकायला निघालं की असं होतं.

स्वतःच घातलेली वेसण

२००६ हे सायनचं शिखर. एकट्या टीसीच्या जवळपास ७९ हजार गाड्या गेल्या, एक्सबीच्या ६१ हजार. अमेरिकेतल्या टोयोटाच्या २५ लाखांच्या विक्रीत सायनचा वाटा सात टक्क्यांच्या घरात होता, आणि तोही तीन मॉडेलांच्या बळावर.

त्यावर कंपनीने ठरवलं की २००७ साली विक्री दीड लाखावर रोखायची. गाडी फार दिसू लागली तर तिचा वेगळेपणा जाईल, हा विचार. कपड्यांच्या किंवा बुटांच्या धंद्यात अशी टंचाई मुद्दाम करतात, पण तिथे डीलरला पुढच्या महिन्याचे पगार आणि शोरूमचं भाडं विकल्या गाड्यांतून काढायचं नसतं. गंमत अशी की वेसण घालायची वेळच आली नाही. २००७ची विक्री झाली १,३०,१८१.

त्या वर्षी दोन नव्या गाड्या आल्या होत्या. एक्सएच्या जागी एक्सडी, आणि दुसऱ्या पिढीची एक्सबी. कंपनीचं म्हणणं होतं की मालकांना जास्त ताकद, जास्त जागा आणि हायवेवर कमी आवाज हवा आहे. हवं ते दिलं. इंजिन दीड लिटरवरून थेट २.४ लिटरवर गेलं, अश्वशक्ती १५८ झाली, लांबी एका फुटाने वाढली, वजन जवळपास तीनशे किलोने. मायलेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरने उतरलं. कडा गोलावल्या, खिडक्या अरुंद झाल्या. किंमतही चढली. गाडी वाईट नव्हती. पण पहिली एक्सबी ज्यासाठी घ्यायची ते हलकेपण, ती काटकोनी ऐट आणि पेट्रोलची बचत, सगळंच उडालं. पहिल्या एक्सबीच्या मालकांपैकी अनेकांनी आपली जुनी गाडी विकायला नकार दिला. आणि दुसरी आली ती २००८च्या तोंडावर, म्हणजे पेट्रोल चार डॉलर गॅलन होण्याच्या ऐन आधी. वेळ याहून वाईट साधता आली नसती.

डब्याची फॅशनच ओसरली, असं नंतर बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. २००९मध्ये किया सोल नावाची चौकोनी, स्वस्त गाडी घेऊन अमेरिकेत उतरली. हॅमस्टर नाचवणाऱ्या जाहिराती केल्या, आणि वय न विचारता येईल त्याला गाडी विकली. २०११ साली सोलने एक लाखाचा टप्पा ओलांडला. २०१५मध्ये एकट्या सोलच्या जवळपास दीड लाख गाड्या गेल्या, म्हणजे सगळ्या सायन मिळून गेल्या त्याच्या अडीचपटीहून जास्त. डबा चालत होता. तो टोयोटाने सोडला होता.

मंदी आणि येन

इथे टोयोटाची बाजूही मांडायला हवी, कारण पुढे जे कोसळलं ते कुणाच्याच हातात नव्हतं. २००७ साली अमेरिकेत १.६१ कोटी हलकी वाहनं विकली गेली; २००९ साली १.०४ कोटी. सगळ्यांनाच मार बसला, पण पंचविशीच्या पोरांना जास्त. २०१०च्या उन्हाळ्यात १६ ते २४ वयोगटातली बेकारी १९ टक्क्यांवर होती. बापाची सही आणि बँकेची सढळ कर्जं यांवर ज्या ब्रँडचा पहिला हप्ता जमत होता, त्याची गिऱ्हाइकंच बाजारातून उठली. विशीतल्या माणसाने गाडी घेतलीच तर ती सेकंडहँड सिव्हिक किंवा कोरोला. २००९मध्ये सायनची विक्री ५७,९६१वर आली, २०१०मध्ये ४५,६७८वर.

याहून कमी बोललं जातं ते चलनाबद्दल. सायनच्या गाड्या तेव्हा सगळ्या जपानमध्ये बनत. २००७च्या मध्यावर एका डॉलरला साधारण १२० येन मिळत होते. २०११च्या अखेरीस ७७. म्हणजे १५ हजार डॉलरला विकलेल्या गाडीमागे जिथे १८ लाख येन यायचे, तिथे साडेअकरा लाख येऊ लागले. लेक्सससारख्या महागड्या गाडीत हा फटका कुठेतरी पचतो. कॅमरी केंटकीत बनते, तिला तो तितकासा लागत नाही. पण स्वस्त गाडी, ठरलेली किंमत, तरुण गिऱ्हाईक आणि उत्पादन जपानमध्ये, या चारही गोष्टी एकत्र आल्या की फायद्याला जागाच उरत नाही. अशा ब्रँडसाठी नव्या मॉडेलचा खर्च मागायला गेलेल्या माणसाला जपानमधल्या तोयोता शहरातल्या मुख्यालयात काय उत्तर मिळालं असेल, याचा अंदाज कुणीही करावा. त्यात २००९-१०मध्ये टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावण्याचं प्रकरण पेटलेलं, त्यामुळे वरच्या लोकांचं लक्षही तिकडेच.

उपासमार

मंदी सरली, बाजार सावरला. सायन सावरला नाही. दोष ठेवायचा तर या टप्प्यावर ठेवायला हवा.

तरुणांचा ब्रँड म्हणजे सतत काहीतरी नवं, हे सायनचं सुरुवातीचं वचन. दुसरी एक्सबी मात्र २००७पासून २०१५पर्यंत तीच विकली गेली. आठ वर्षं! एखादा मुलगा पहिलीत असताना आलेली गाडी तो नववीत गेल्यावरही शोरूममध्ये तशीच उभी. २०११च्या शेवटी आयक्यू आणली: तीन मीटरची, शहरात कुठेही मावणारी, तंत्र म्हणून डोकं लावून बनवलेली. टोकियो किंवा पॅरिसमध्ये तिला अर्थ होता. टेक्ससमधल्या पोराला त्याच पैशात मोठी गाडी मिळत होती आणि पार्किंगची त्याला चिंताच नव्हती. २०१४पर्यंत तिची वर्षाची विक्री दोन हजारांवर आली.

२०१२ची एफआर-एस हा खरा मोती. सुबारूबरोबर बनवलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी, कमी वजनाची स्पोर्ट्स कार. समीक्षक खूश, चालवणारे खूश. पण तिची किंमत २५ हजार डॉलरच्या आसपास होती. पहिल्या नोकरीतल्या माणसाला ती परवडायची नाही, आणि स्पोर्ट्स कारची हौस लवकर भागते. २०१३मध्ये १८ हजारांवर गेलेली विक्री २०१५मध्ये साडेदहा हजारांवर आली.

डीलरांच्या बाजूनेही पाहा. सुरुवातीच्या १०५ डीलरांचे शेवटी १,००४ झाले होते. २०१५च्या विक्रीला त्याने भागलं तर एका डीलरच्या वाट्याला वर्षाला ५६ गाड्या, म्हणजे आठवड्याला एक. तेवढ्यासाठी वेगळा कोपरा, वेगळे फलक, वेगळं प्रशिक्षण कोण मनापासून सांभाळेल? बाजूलाच टोयोटाची रॅव्ह४ ही एसयूव्ही उभी असायची, आणि गिऱ्हाईक विचारत असायचं ते तिच्याबद्दल. २०१०नंतरच्या अमेरिकेत तरुणांसकट सगळ्यांनाच उंच क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी दिसणारी कार, हवी होती. सायनकडे शेवटपर्यंत एकही नव्हती.

शेवटच्या वर्षी दोन गाड्या आल्या, आयए आणि आयएम. आयए ही मेक्सिकोत बनलेली माझ्दा२ सेडान, आयएम म्हणजे युरोपातली कोरोला वर्गातली हॅचबॅक. दोन्ही समजूतदार गाड्या, आणि दोन्हींवर टोयोटाचा बिल्ला लावला असता तरी कुणाला फरक कळला नसता. पुढे झालंही तेच.

बिल्ल्यांच्या अदलाबदलीत टोयोटाला तसा संकोच नाही. एक्सडी युरोपात ‘अर्बन क्रूझर’ होती आणि दुसरी एक्सबी जपानमध्ये ‘कोरोला रुमियन’. ही दोन्ही नावं पुढे भारतात आली, तीही मारुतीच्या गाड्यांवर: २०२०मध्ये ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली, २०२३मध्ये एर्टिगाची रुमियन. पुण्याच्या शोरूममध्ये रुमियन बुक करणाऱ्याला या नावाचं मूळ सायनच्या त्या जाडावलेल्या डब्यापाशी जातं, हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

प्रयोगशाळा की ब्रँड

सायन ही प्रयोगशाळा होती, असं टोयोटा शेवटी म्हणाली. टोयोटाच्या मोठ्या जाळ्यात ज्या कल्पना तपासणं जड गेलं असतं, त्या इथे लवकर करून पाहता आल्या, हा दावा. त्यात तथ्य आहे. ठरावीक किंमत, एकच व्हेरिएंट, नंतरची सजावट, हे सगळं तिथे तपासलं गेलं. पण प्रयोगशाळेला हजार डीलर लागत नाहीत, आणि विक्री तळाला गेलेली असताना २०१०मध्ये ती कॅनडात नेऊन उघडतही नाहीत. ते काम ब्रँडचं. ब्रँड म्हणून वागवायचं तर दर तीन-चार वर्षांनी नवी गाडी, स्वतःची माणसं आणि वाईट वर्षांत थोडा दम धरायला पैसा लागतो. टोयोटाने चांगल्या दिवसांत सायनला ब्रँड मानलं आणि हात आखडल्यावर प्रयोग. दोन्हीकडचे फायदे घेण्याच्या नादात तो धड ब्रँडही राहिला नाही.

दरम्यान २००९पासून अध्यक्ष असलेले अकिओ टोयोदा मूळ टोयोटाच कंटाळवाणी राहू नये म्हणून मागे लागले होते. टोयोटा स्वतः रंगीत, धारदार गाड्या काढू लागली, तशी सायनच्या वेगळ्या दुकानाची गरज उरली नाही. हे कारण घोषणेतल्या कारणांपेक्षा मला जास्त खरं वाटतं.

बंद झाल्यावर टीसी तिथेच थांबली. एफआर-एस टोयोटा ८६ झाली, आणि तिची पुढची पिढी जीआर८६ या नावाने आली. आयए आणि आयएम अनुक्रमे यारिस आणि कोरोलाच्या नावाखाली काही वर्षं विकल्या गेल्या.

उरली सी-एचआर. नोव्हेंबर २०१५मध्ये, म्हणजे घोषणेच्या तीन महिने आधी, लॉस एंजलिसच्या शोमध्ये ती सायनची येणारी गाडी म्हणून मांडली होती. क्रॉसओव्हर, तिरकस, तरुणांना आवडेलशी, नेमकं जे सायनकडे कधीच नव्हतं ते. ती टोयोटाच्या बिल्ल्याने २०१७मध्ये अमेरिकेत आली. फक्त पुढच्या चाकांना ताकद, मागची सीट अंधारी, इंजिन जेमतेम. तरीही २०१८ आणि २०१९मध्ये दर वर्षी तिच्या जवळजवळ ४९ हजार गाड्या विकल्या गेल्या. २०१५ साली सगळ्या सायन मिळून ५६ हजार गेल्या होत्या.